टंचाईची रंगीत तालीम

परदेशात जाण्याआधी लोक नवे बूट घेतात, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतात, फार तर आपलं इंग्रजी घासूनपुसून ठेवतात. नवीन पनवेलच्या शुभंकर सोसायटीतल्या कमळाकर नाखवांनी मात्र परदेशी जाण्याआधी स्वतःच्या घराची वीज आणि पाणी तोडून घेतलं. तेही रीतसर अर्ज करून, तीन प्रतींत, पोच घेऊन. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे जे घडलं ते घाईगडबडीत घडलं असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

जायचं होतं श्रीलंकेला. साल दोन हजार बावीस, महिना जूनचा. त्या वर्षी श्रीलंका म्हटलं की टीव्हीवर एकच चित्र दिसायचं: पेट्रोलसाठी रांग, गॅससाठी रांग, दूध पावडरीसाठी रांग, आणि या सगळ्या रांगांच्या मध्ये उभा राहून घाम पुसत बोलणारा वार्ताहर. शहाणा माणूस अशा वेळी महाबळेश्वरला जातो. पण कमळाकररावांचा नाइलाज होता. त्यांचा मुलगा शैलेश दुबईत नोकरीला. तिथे त्याच्याच ऑफिसातली दिनूशी फर्नांडो नावाची मुलगी त्यानं पसंत केली होती, आणि ती निघाली श्रीलंकेतल्या निगोम्बो गावची, पिढीजात मासेमारी करणाऱ्या घरातली. नाखवाही मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे कोळी. त्यामुळे मुलीचा देश, धर्म, भाषा यांवर घरात जी चर्चा व्हायला हवी होती, ती कमळाकररावांच्या आईनं, गुणाबाईंनी, एका वाक्यात आटोपली.

"मासं खाती ना? मंग झालं."

पण झालं नव्हतं. मुलीचे वडील मर्विन फर्नांडो मालवाहू जहाजावर मुख्य स्वयंपाकी होते. माणूस अबोल. फोनवर 'नाही' म्हणत नव्हते आणि 'हो'ही म्हणत नव्हते. "तुम्ही या, मग बोलू," एवढंच म्हणायचे, आणि हल्ली तर तेही जरा अडखळत. बारा जूनला निगोम्बोला जायचं, सगळं जमलं तर तिथेच साखरपुडा करायचा, असं ठरलं होतं. शैलेशनं वडिलांना फोनवर बजावलं होतं, "बाबा, सगळं मर्विन अंकलच्या होकारावर अडलंय. तुम्ही फक्त साधे राहा."

साधं राहणं ही गोष्ट कमळाकररावांना आयुष्यात जमली नव्हती. त्यांनी उरणकडच्या एका कंटेनर यार्डात एकतीस वर्षं सुरक्षा विभागात काढली होती. त्यांचं काम मॉक ड्रिल घेण्याचं. दर महिन्याला खोटी आग लावायची, खोटे जखमी झोपवायचे, शिट्टी वाजवायची आणि खऱ्या घड्याळावर वेळ मोजायची. एकतीस वर्षांत खरी आग एकदाच लागली. तेव्हा सगळे कामगार हसत हसत जमायच्या जागी येऊन उभे राहिले आणि चहा कधी येणार म्हणून विचारू लागले. कमळाकररावांनी या प्रसंगातून एवढाच निष्कर्ष काढला होता की तालीम उत्तम झाली होती.

तर टंचाईग्रस्त देशात जायचं म्हणजे पूर्वतयारी हवी. आणि पूर्वतयारी म्हटली की शुभंकर सोसायटीत सल्ल्यांची टंचाई कधीच नव्हती.

पहिला सल्ला समोरच्या चंद्रावतीबाईंचा. त्या एकदा यात्रा कंपनीबरोबर नेपाळला जाऊन आल्या होत्या, आणि तेव्हापासून सोसायटीचा परराष्ट्र व्यवहार त्यांच्याकडे होता. "तिकडे कोणावर विश्वास ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि जेवताना खिडकी लावून घ्यायची. उपाशी माणसं बघत असतात हो! आपल्याला घास जात नाही." नेपाळात त्यांना कोण बघत होतं हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसरा सल्ला तळमजल्यावरच्या कुमार पाटलांचा. पाटील बँकेतून निवृत्त झालेले, रोज तीन वर्तमानपत्रं वाचणारे, आणि वाचलेलं कोणाच्या तरी अंगावर ओतल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. "कमळाकरराव, तिथे कागद नाही! परीक्षा रद्द झाल्या पोरांच्या. तुम्ही दोन रीम कागद न्या. कागद दिला की माणूस आपला होतो." सल्ला ऐकून कमळाकररावांनी दोन रीम कागद घेतले. त्यांचं वजन किती भरेल याचा विचार त्यांनी केला नाही, कारण पाटलांच्या आवाजात एवढा अधिकार होता की वजनही तिथेच कमी झाल्यासारखं वाटलं.

असं करता करता हॉलमधल्या पलंगाशेजारी एक मोठी निळी बॅग भरत गेली. दूध पावडरीची अकरा पाकिटं. मेणबत्त्या. काडेपेट्या, ज्या विमानात नेऊ देत नाहीत हे चौघांनी सांगूनही. तापाच्या गोळ्या. साबण. गुणाबाई मोऱ्याहून येताना सुक्या बोंबलांचं मोठं गाठोडं घेऊन आल्या. "व्याह्याच्या घरी मोकल्या हातान जाऊ नये," त्या म्हणाल्या. कमळाकररावांनी ते बोंबील सात पिशव्यांत गुंडाळले आणि यादीत लिहिलं: प्रथिने.

ती यादी त्यांनी हॉलच्या भिंतीवर चिकटवली होती. वर मोठ्या अक्षरांत मथळा: 'टंचाईग्रस्त देशास भेट: व्यावहारिक सूचना'. खाली बावीस कलमं. पाचवं कलम, 'यजमानांस आपली सुबत्ता जाणवू देऊ नये.' नववं, 'दया दिसू देऊ नये, मात्र असावी.' हे नववं कलम त्यांना स्वतःला इतकं आवडलं होतं की दूधवाल्यालाही वाचून दाखवलं.

चारचौघांत बोलतानाही त्यांचा स्वर बदलला होता. "बिचारे लोक हो," ते जिन्यात थांबून सांगायचे. "व्याही आहेत म्हणून नाही, पण माणुसकी म्हणून तरी गेलं पाहिजे." शैलेशच्या साखरपुड्याला निघालेला हा गृहस्थ हळूहळू पूरग्रस्तांच्या मदतीला निघाल्यासारखा दिसू लागला.

आणि मग एका सकाळी चहा पिताना त्यांना ते सुचलं. बॅग तयार आहे, पण माणसं तयार आहेत का?

"विनिता," त्यांनी बायकोला हाक मारली, "आपण ड्रिल घेऊ या."

"कसलं?"

"टंचाईचं. तीन दिवस लाइट नाही, पंखा नाही, गॅस नाही, नळाला पाणी नाही. फोन बंद. म्हणजे तिथे गेल्यावर आपला चेहरा पडायला नको. व्याह्यांना वाटायला हवं, यांना सवय आहे."

विनिताताईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. मे महिन्याची वीस तारीख होती. पनवेलच्या मे महिन्यात पंखा चालू असतानाही माणूस भिजतो, हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही. चौतीस वर्षांच्या संसारात त्या एक शिकल्या होत्या, की कमळाकररावांच्या योजनेला विरोध केला तर ती महिनाभर चालते आणि मान्य केली तर दुपारपर्यंत संपते.

गुणाबाई कोपऱ्यात पान जुळवत होत्या. त्या म्हणाल्या, "आमी मोऱ्याला आर्धा जलम लाइटीबिगर काडला. तवा कोनी शिट्टी नाय वाजवली."

पहिलं ड्रिल खरोखरच दुपारपर्यंत टिकलं. कमळाकररावांनी सकाळी घरातला मेन स्विच बंद केला आणि घामाच्या धारांत स्थितप्रज्ञ होऊन बसले. दोन वाजता त्यांना गाढ झोप लागली. जागे झाले तेव्हा डोक्यावर पंखा गरगरत होता, फ्रिज घरघरत होता, आणि विनिताताई थंडगार पन्हं पीत मालिका बघत होत्या.

"अगं, ड्रिल!"

"झालं की. यशस्वी झालं. तुम्ही झोपलात, म्हणजे सवय झाली."

या फितुरीनंतर कमळाकररावांनी ठरवलं की नियंत्रण घराबाहेर हवं. ते सेक्रेटरी प्रितेश ठाकूरकडे गेले. जिन्याखालच्या मीटर खोलीची किल्ली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या वॉल्व्हची किल्ली, दोन्ही प्रितेशकडे असायच्या. वय सदतीस, पण नियमावलीची पानं उलटताना तो सत्तरीचा वाटायचा.

"काका, वीज द्या म्हणून अर्ज येतो. पाणी द्या म्हणून अर्ज येतो. बंद करा म्हणून अर्जाचा नमुनाच नाही आपल्याकडे."

"मग नमुना तयार कर."

"त्याला कमिटीचा ठराव लागतो."

कमिटी बसली. पाऊण तास नाश्ता आणि दहा मिनिटं ठराव. पाटलांनी शंका काढली की सभासदाला स्वेच्छेनं वीज सोडण्याचा हक्क आहे का, आणि असल्यास ती वीज जाते कुठे. दुसऱ्या एकानं विचारलं की नाखवांचं वाचलेलं पाणी आपल्याला मिळेल का. शेवटी ठराव झाला. कमळाकररावांनी तीन प्रतींत अर्ज दिला. फ्लॅट क्रमांक नऊचा वीज आणि पाणीपुरवठा शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत बंद, मधल्या काळात कोणाच्याही सांगण्यावरून चालू करू नये, 'अर्जदाराने स्वतः विनंती केली तरीही'. हे शेवटचं कलम अर्जदारानं स्वतः घातलं होतं, आणि प्रितेशला त्याचं फार कौतुक वाटलं.

निरीक्षक म्हणून चंद्रावतीबाईंची नेमणूक झाली. त्यांच्या गळ्यात कमळाकररावांनी आपली यार्डातली शिट्टी घातली आणि हातात गुणपत्रिका दिली. नियमभंग दिसला की शिट्टी, आणि दोन गुण वजा. इतका मान त्यांना नेपाळातही मिळाला नव्हता. सगळे मोबाइल बंद करून स्टीलच्या डब्यात गेले. गॅलरीत तीन विटांची चूल मांडली गेली.

शनिवारी सकाळपर्यंत घराची पार दशा झाली. फ्रिजमधलं वितळून स्वयंपाकघरात ओघळ आला. खाली टँकरवाल्याकडून बादल्या भरून कमळाकररावांनीच वर आणल्या, दोन मजले, सहा खेपा, आणि सातव्या खेपेला जिन्यात त्यांची पाठ धरली. चुलीच्या धुरानं गॅलरीत वाळणारे तिसऱ्या मजल्याचे कपडे काळे झाले, त्यावरून वर बोलाचाली झाली. कमळाकररावांनी दाढी केली नाही, कारण टंचाईत पाणी दाढीवर खर्च करत नाहीत. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात वर्तमानपत्राचा पंखा. गुणाबाई मात्र मजेत होत्या. त्यांनी विटा जवळ सरकवल्या, लाकडं बारीक केली, आणि सुनेला पहिल्यांदाच सांगितलं की तुझ्या हाताला चव आहे, गॅसनं मारली होती.

रविवारी साडेचारच्या सुमारास दारावर टकटक झाली. बेल वाजणं शक्यच नव्हतं.

कमळाकररावांना वाटलं, निरीक्षक आल्या. त्यांनी बनियनवरच दार उघडलं. दारात पन्नाशीपुढचा एक सावळा, बुटका, टापटीप गृहस्थ उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात केकचा खोका, चेहऱ्यावर घाम.

"नाखवा फॅमिली? मैं मर्विन. दिनूशी का पापा." बोटीवरच्या हिंदीत तो गृहस्थ म्हणाला. "शैलेश ने मेसेज किया था ना?"

शैलेशनं केला होता. शनिवारपासून चौदा मेसेज केले होते, की मर्विन अंकलचं जहाज न्हावा शेवाला लागतंय, त्यांना रविवारी सहा तास बाहेर जायचा परवाना मिळालाय, ते तुम्हाला भेटायला येतायत, बाबा फोन का उचलत नाही. ते चौदाही मेसेज स्टीलच्या डब्यात होते.

कमळाकररावांनी हात जोडले. मग लुंगी सावरली. मग पुन्हा हात जोडले. "आइए, बैठिए," म्हणाले, आणि सवयीनं पंख्याचं बटण दाबलं. पंखा जागचा हलला नाही. बटण त्यांनी आणखी दोनदा दाबलं, जणू पाहुण्यांच्या मानाखातर तरी तो फिरेल.

"जरा प्रितेशला बोलावते," विनिताताई कुजबुजल्या आणि मागच्या मागे खाली धावल्या. तीन मिनिटांत परत आल्या. मीटर खोलीला कुलूप. प्रितेश दर रविवारी उलव्याला जायचा, तिथे त्यानं नोंदवलेल्या फ्लॅटची इमारत किती वर आली ते बघायला. किल्ल्या त्याच्या कमरेला. पाटलांच्या फोनवरून त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "काकू, कलमच आहे. काकांनी स्वतः विनंती केली तरीही."

इकडे मर्विन हॉलमध्ये बसून सगळं बघत होते. वितळलेला फ्रिज, पाण्याच्या बादल्या, गॅलरीतली चूल, वर्तमानपत्राचा पंखा, आणि व्याह्याची दोन दिवसांची दाढी. समोरच्या दारातून चंद्रावतीबाईंच्या कूलरचा आवाज स्पष्ट येत होता. म्हणजे गावात वीज होती. फक्त याच घरात नव्हती.

"नीचे वॉचमन बोला," ते हळूच म्हणाले, "नौ नंबर का लाइट-पानी बंद है. मैं सोचा, गलत बोला."

कमळाकररावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. एकतीस वर्षांची नोकरी, स्वतःच्या मालकीचा फ्लॅट, दुबईचा मुलगा, आणि हा माणूस आपल्याकडे अशा नजरेनं बघतोय! त्यांनी छाती पुढे काढली. "मर्विनभाई, ये सच्चा नहीं है. ये ड्रिल है."

"ड्रिल?" मर्विनना शब्द ओळखीचा होता. बोटीवर दर आठवड्याला ड्रिल असायचं. "किसका ड्रिल?"

कमळाकररावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. तुमच्या घरी यायचंय, त्याचं. तुमच्यासारखं राहायला जमतं का, ते बघतोय. गेले आठ दिवस हेच वाक्य त्यांनी जिन्यात, गेटवर, किराणा दुकानात, अभिमानानं, न अडखळता सांगितलं होतं. आता ऐकणारा समोर बसला होता, केकचा खोका मांडीवर घेऊन, आणि ते वाक्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. कमळाकररावांना स्वतःची लाज वाटली. फार वर्षांनी वाटली, त्यामुळे ती लाजच आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

"ऐसे ही," ते शेवटी म्हणाले. "आदत रहनी चाहिए."

मर्विननी मान हलवली. खूप वेळ हलवली. "समझ गया. मैं भी घर में ऐसा ही बोलता. छोटा बेटा पूछता, पापा, लकडी पे खाना क्यों? मैं बोलता, कैंपिंग है."

मर्विननी विषय बदलावा म्हणून भिंतीकडे बोट केलं. "ये क्या लिखा है?"

भिंतीवर बावीस कलमं होती. विनिताताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता. गुणाबाईंनी पान बाजूला ठेवलं, यादीला हात जोडले आणि म्हणाल्या, "देवाचं हाय." मर्विन चटकन उठून उभे राहिले आणि छातीवर क्रूसाची खूण करून यादीपुढे क्षणभर डोळे मिटून थांबले. दया दिसू देऊ नये, मात्र असावी, हे कलम नेमकं त्यांच्या कपाळासमोर होतं.

मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "खाना मैं बनाएगा," ते म्हणाले. "मेरा काम है." विनिताताई नको नको म्हणेपर्यंत ते गॅलरीत पोचलेही होते. त्यांनी चुलीच्या विटा पुन्हा मांडल्या. गुणाबाईंना त्या मांडणीत काहीतरी पटलं, आणि दोघं एकमेकांची भाषा येत नसताना कांदा किती बारीक हवा यावर वाद घालू लागले.

एवढ्यात मर्विननी नाक वर केलं. पुन्हा हुंगलं. ते हॉलमध्ये आले, पलंगापाशी आले, निळ्या बॅगेपाशी थांबले. सात पिशव्या ओलांडून बोंबलांचा वास मे महिन्याच्या उकाड्यात बाहेर आला होता.

"ड्राय फिश?" त्यांचा चेहरा उजळला.

कमळाकरराव पाठीचं दुखणं विसरून बॅगेवर जाऊन बसले. आत अकरा पाकिटं दूध पावडर, मेणबत्त्या, दोन रीम कागद. बॅग उघडली तर वीज नसलेल्या, पाणी नसलेल्या या गरीब घरात एवढा साठा कशाला, हे पहिल्या इयत्तेतल्या पोरालाही कळलं असतं. बसल्या बसल्याच त्यांनी चेन वीतभर सरकवली, आत हात घातला, डोळे मिटून चाचपलं. आधी मेणबत्ती हाताला लागली, मग साबण, मग बोंबील. पिशव्या बोटांनीच फाडून ओंजळभर बोंबील काढून त्यांनी व्याह्यांच्या हातात दिले आणि चेन लावली. पुढचा सगळा वेळ ते त्या बॅगेवरून उठले नाहीत. जेवलेही तिथेच.

बोंबलांचं कालवण असं झालं होतं की गुणाबाईंनी वाटी दुसऱ्यांदा पुढे केली. मर्विन जमिनीवर मांडी घालून बसले होते. चार घास झाल्यावर त्यांनी हात थांबवला.

"भाई, एक बात बोलूं?" ते म्हणाले. मग मोडक्या हिंदीत, मध्ये मध्ये थांबत, जे बोलले ते असं. आज ते होकार द्यायला आले नव्हते. बारा जूनला येऊ नका, असं सांगायला आले होते. घरी तीन महिने गॅस नाही. बायको पहाटेपासून रांगेत असते. मोठ्या घरचे लोक येणार, मुलाचं दुबईत चांगलं चाललंय, त्यांच्या ताटात काय वाढायचं? पुढच्या वर्षी बघू, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि पुढचं वर्षही असंच गेलं तर मुलीला विसरा म्हणायचं होतं. येताना टॅक्सीत हेच पाठ करत होते.

"लेकिन अभी," त्यांनी चुलीकडे, बादल्यांकडे, कमळाकररावांच्या बनियनकडे पाहिलं, "अभी शरम नहीं है. तुम आओ. जो है, साथ में खाएगा. मेरी बेटी यहां अच्छी रहेगी."

विनिताताईंनी पदर डोळ्यांना लावला. धूर गॅलरीत होता, हॉलमध्ये नव्हता. कमळाकररावांनी बॅगेची चेन पुन्हा एकदा चाचपली. खरं सांगितलं तर आपली इज्जत परत मिळत होती. पंखा, फ्रिज, फ्लॅट, सगळी शान एका वाक्यात परत मिळत होती. आणि त्याच वाक्यात समोरच्या माणसाची शरम परत येणार होती, शैलेशचं लग्न मोडणार होतं.

नेमक्या त्याच वेळी दारात कर्कश शिट्टी वाजली.

चंद्रावतीबाई आत आल्या, गळ्यात शिट्टी, हातात गुणपत्रिका. "काय नाखवा," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जमतंय का श्रीलंकेसारखं?"

मराठी कळत नसलं तरी आपल्या देशाचं नाव कोणालाही कळतं. मर्विननी मान वर केली. "श्रीलंका? क्या बोली?"

कमळाकरराव बॅगेवर बसल्या बसल्या हसले. आयुष्यात त्यांनी शेकडो खोट्या आगी लावल्या होत्या, पण एवढ्या घाईत एकही विझवली नव्हती. "वो पूछती है," ते म्हणाले, "खाना श्रीलंका जैसा बना क्या. पूरा मोहल्ला खुशबू ले रहा है."

मर्विन खूश झाले. त्यांनी लगबगीनं एक ताट भरून निरीक्षकांपुढे धरलं. चंद्रावतीबाई पुन्हा तोंड उघडणार तोच गुणाबाईंनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "खा आदी. बोलाचं मंग." पहिला घास घेतल्यावर बाईंना बोलायची इच्छा उरली नाही. गुणपत्रिकेवर त्यांनी नंतर 'आहार: समाधानकारक' असं लिहिलं आणि अनोळखी माणूस घरात घेतल्याबद्दल दोन गुण वजा केले.

साडेसातला मर्विन निघाले. रिक्षा करून देतो म्हटलं तर त्यांनी कमळाकररावांचा हात धरला आणि खिशाकडे जाऊ दिला नाही. "तुम रखो," एवढंच म्हणाले, आणि गुणाबाईंच्या पाया पडून जिना उतरले.

सोमवारी सकाळी ठरावाप्रमाणे वीज आली, पाणी आलं. स्टीलच्या डब्यातून फोन निघाले. शैलेश पलीकडून ओरडलाच. "बाबा! लाइट तोडली घराची आणि मला सांगितलंही नाही? मर्विन अंकल रडत होते फोनवर. मी पैसे पाठवतो ना! काय झालंय काय?"

"काही झालेलं नाही," कमळाकरराव म्हणाले. "होकार मिळाला ना?"

"मिळाला. पण..."

"मग गप्प बस. आणि त्यांना यातलं काही सांगू नकोस. कधीच."

शैलेशला वडिलांनी इतक्या थोडक्यात आजवर कधी काही सांगितलं नव्हतं.

अकराच्या सुमारास गेटवर जहाज एजंटची गाडी आली. ड्रायव्हरनं एक मोठा खोका उतरवला. वॉचमननं सवयीप्रमाणे तळमजल्यापासून हाळी दिली, "नाखवा! तुमच्यासाठी सामान आलंय बोटीवरून!" सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या. पाटील वर्तमानपत्र घेऊनच बाहेर आले. प्रितेश रजिस्टर घेऊन आला.

"साहेबांनी सांगितलंय," ड्रायव्हर म्हणाला, "घरात चुलीपाशी नेऊन ठेवा. हे त्यांनी सिंगापूरला घेतलं होतं, घरी न्यायला." खोक्याचं वरचं झाकण अर्धवट उघडं होतं. आत तांदूळ होता, डाळ होती, आणि दूध पावडरीचे सहा डबे. वरच्या पुठ्ठ्यावर जाड मार्करनं इंग्रजीत 'नाखवा' असं लिहिलं होतं. त्याखाली आधीचं नाव खोडलेलं होतं. पण खाडाखोड घाईत केली होती, त्यामुळे ते वाचता येत होतं: मिसेस मर्सी फर्नांडो, निगोम्बो.

कमळाकरराव ते नाव वाचत उभे राहिले. चंद्रावतीबाई वरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काय हो, मदत आली का?"

गॅलऱ्यांमध्ये कोणीतरी हसलं. पाटील खाकरले. खरं काय ते त्या सगळ्यांना माहीत होतं, आणि कमळाकरराव आता त्यावर भाषण करतील म्हणून सगळे थांबले होते.

त्यांनी खोका वाकून उचलला. पाठ अजून दुखत होती. ड्रायव्हर पुढे झाला, प्रितेश पुढे झाला, पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

"मदत नाही," ते म्हणाले. "व्याह्यांकडून आहेर आलाय."

आणि खोका खांद्यावर घेऊन ते हळूहळू जिना चढू लागले.